अविवाहित मयत

वहिनी फाइल घेऊन दारात उभी राहिली तेव्हा आमच्या ह्यांनी चष्मा शोधत विचारलं, "कुठं सही करायची?"

यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. माझं माहेर मारुंजी. हिंजवडीला खेटून असलेलं मुळशी तालुक्यातलं गाव. एका अंगाला डोंगर, खाली भातखाचरं, पलीकडे नेरे-जांबे, आणि त्याही पलीकडे कासारसाईचं धरण. आयटी पार्क आला, खाचरांचे गुंठे झाले, गुंठ्यांचे स्क्वेअर फूट झाले. तेव्हापासून माहेरचं माणूस कागद घेऊन चिंचवडला आलं की ते फेरफार, मोजणी, नाही तर कुलमुखत्यारपत्रासाठीच. मी स्वतः भावाच्या नावे हक्कसोड करून दिलं होतं, राजीखुशीने. २००५ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा दिला खरा, पण आमच्या भागात त्याचा परिणाम म्हणजे बहिणींच्या सह्यांना आलेला भाव. असो, तो विषय वेगळा.

वहिनी पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "वन्सं, सही नकोय. तुम्हाला पळवायचंय."

ज्याच्या नावे मी हक्क सोडला तो माझा धाकटा भाऊ तोवर राहिला नव्हता. मे महिन्यात गावातल्या पोरांना पोहायला शिकवत होता. पट्टीचा पोहणारा. विहिरीला दोन वेढे घातले, तिसऱ्यात खाली गेला तो वर आलाच नाही. पोस्टमॉर्टेममध्ये बुडून मृत्यू असंच आलं. पुढे ज्या आजाराचा माग लागला त्यात हृदय कापून पाहिलं तरी ते धडधाकटच दिसतं, त्यामुळे दुसरं काही येणारही नव्हतं. गावाने दोन कारणं दिली. एक, पायात वांब आला. दुसरं, आसरांनी नेला. आमच्या घराने दुसरं धरलं, कारण आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धाकटा भाऊ, माझा न पाहिलेला चुलता, ऐन विशीत असाच दुसऱ्या विहिरीत गेला होता. साती आसरांना आमच्या घरून नैवेद्य जायचा तो त्या चुलत्यापासून.

भावाच्या बाबतीत एक जुनी गोष्ट होती, ती सगळे विसरले होते. लग्नाआधी तो पोलीस भरतीची तयारी करायचा. सोळाशे मीटरच्या सरावात एकदा रेषा ओलांडून कोसळला, हातपाय झटकले, मिनिटभरात उठून बसला. दवाखान्यात ईसीजी काढला, तो नीट आहे म्हणाले, आणि फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. फिट येणारा माणूस पोलिसात कसा जाणार? भरती सुटली. गोळ्या लग्नानंतरही चालू होत्या. ती ईसीजीची पट्टी नव्या नवरीच्या हाती लागली आणि तिने ती जपून ठेवली. ती कागदं टाकत नाही. वहिनी अंगणवाडी सेविका आहे. वजनाचे तक्ते, लसीकरणाची कार्डं, रजिस्टरं यांत तिचा दिवस जातो. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापलेला असतो, काही वर्षांत तो कोरा होत जातो, आणि लॅमिनेट करायला गेलं तर काळा पडतो. हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे, पण तिने त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती.

भाऊ गेल्यावर काही वर्षांनी त्याची मुलगी, माझी भाची, शाळेच्या स्पर्धेत धावताना पडली. शाळेने सांगितलं, पोरगी सकाळी उपाशी आली असणार. वहिनीने तिला सकाळी स्वतः भाकरी-दूध भरवलेलं होतं. तिने रजा टाकली, मुलीला घेतलं, ती झेरॉक्स घेतली आणि पुण्यात हृदयाच्या ठोक्यांचे विकार पाहणारे डॉक्टर गाठले.

त्या डॉक्टरांनी मुलीच्या आधी बापाची पट्टी पाहिली. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेवर पडतो, आणि पडून गेल्यावर पेशींना पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. ईसीजीवर तो वेळ क्यू ते टी असा मोजतात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा. ठोके मिनिटाला साठ असतील तर क्यू-टीला अकरा-साडेअकरा चौकोनांपर्यंत हरकत नसते. बारा किंवा त्याहून जास्त झाले की डॉक्टर सावध होतात. ठोके कमी-जास्त असले तर हिशेब बदलतो, त्यासाठी बॅझेट यांचं १९२० सालचं सूत्र अजून वापरात आहे : क्यू-टीला दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळाने भागायचं. डॉक्टरांनी दोन टोकांचा कंपास लावून चौकोन मोजले. बापाच्या पट्टीवर ते जास्त होते. यंत्राने कोपऱ्यात स्वतःच आकडा छापलेला होता, झेरॉक्समध्ये अर्धामुर्धा उमटलेला. इतकी वर्षं तो त्या कागदावर होता.

आजाराचं नाव लाँग क्यूटी सिंड्रोम, आणि मुलीचा प्रकार पहिला. हृदय जोरात पळू लागलं की क्यू-टी आखडायला हवा, कारण दोन ठोक्यांत जागा कमी उरते. ते काम पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारी एक वाट करते, अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं की ती जास्त उघडते. ज्यांच्या जनुकात दोष आहे त्यांची ती वाट पुरेशी उघडत नाही. बसल्या जागी काही जाणवत नाही. धावताना आणि विशेष करून पोहताना ठोके भरकटतात. वहिनीने पुढे सगळ्या भावकीला हे एका वाक्यात सांगितलं : पहिल्या वाफ्याचं दारं बुजवायच्या आत पुढचं पाणी आलं की ते कुठंही फुटतं. मला डॉक्टरांपेक्षा तिचंच जास्त कळलं.

डॉक्टरांनी कागदावर घराणं काढायला घेतलं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्यावर तिरकी रेघ. "वडिलांकडची माणसं सांगा." वहिनीने पिशवीतून दुसरा कागद काढला. स्टँप पेपरवर केलेली, नोटरीचा शिक्का असलेली आमच्या घराण्याची वंशावळ. वारसनोंदीसाठी केलेली. मारुंजीत आज असं एकही घर नसेल ज्याच्याकडे अशी वंशावळ नाही; जमिनीला भाव आला तसे पणजोबांपासूनचे सगळे वारस कागदावर आले. दिल्या घरी गेलेल्या लेकी, त्यांची मुलं, सासरची नावं, सगळं. कारण सही राहिली तर व्यवहार अडतो. आणि ज्यांचा वाटा उरला नाही त्यांच्यापुढे दोनच शेरे : निपुत्रिक मयत, अविवाहित मयत.

इतकी पूर्ण वंशावळ आपल्या टेबलावर कधी आली नव्हती असं डॉक्टर म्हणाल्याचं वहिनी सांगते. त्यांनी पेन्सिलने प्रत्येक ‘अविवाहित मयत’भोवती गोल केला आणि विचारलं, हे कशाने गेले? तलाठ्याला त्याचं कारण लागत नाही, पण डॉक्टरला लागतं. वहिनी गावात परतली आणि आमच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसली. एक पोरगा पान लागून, म्हणजे सर्पदंशाने गेला होता, तो वगळला. एक माझा चुलता. आणि एक आप्पांची आत्या, दहा-बारा वर्षांची, खळ्यात शिवाशिवी खेळताना पडली ती पडलीच. म्हातारीला ते अजून आठवत होतं.

जगातही या रोगाचा माग असाच घराण्यांतून लागला. नॉर्वेत १९५७ साली येर्वेल आणि लांगे-नीलसन यांनी एका कुटुंबाची हकीकत छापली : सहा मुलं, त्यांतली चार जन्मतः बहिरी आणि वारंवार बेशुद्ध पडणारी, तिघं लहानपणीच अचानक गेलेली. पुढे मॉस आणि श्वार्ट्झ यांनी १९७९ पासून अशा कुटुंबांची आंतरराष्ट्रीय नोंदवही ठेवली. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या घराण्याच्या वंशावळीवरून कीटिंग यांच्या गटाने १९९१ मध्ये अकराव्या गुणसूत्रापर्यंत माग काढला आणि १९९६ मध्ये ते जनुक हाती लागलं. या सगळ्यांत मारुंजीच्या तलाठी सजाचा काही वाटा नाही, पण आमच्यापुरता तो आहे.

दोष असलेल्या आई किंवा बापापासून प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. साधा ईसीजी अनेकांचा नॉर्मल येतो, म्हणून नातेवाइकांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवायचं. टीएमटी म्हटलं की आपल्याला ब्लॉकेज आठवतं. साठीच्या माणसाची तपासणी. इथे धडधाकट बायका-पोरं-म्हातारे उभे करायचे होते. त्यासाठी वहिनी घरोघर निघाली.

आता तिची गावातली परिस्थिती सांगायला हवी. भावाच्या हिश्शाला वारस ती, मुलगी आणि माझी आई. रस्त्याला लागून असलेला तुकडा विधवेने भावकीतच द्यावा असं काही जणांचं म्हणणं होतं; तिने दिला नाही. दोन घरांनी बोलणं टाकलं होतं. ती त्या दोन घरांतही गेली. एका घराने तिने दिलेला डॉक्टरचा कागद आधी वकिलाला वाचून दाखवला. वकील म्हणाला, यात जमिनीचं काही नाही. तरी त्यांना खरं वाटेना. "तिचा काय फायदा?" हा प्रश्न महिनाभर फिरत होता. प्रश्न रास्तच होता. डॉक्टरांच्या त्या कागदावर ती एका आडव्या रेघेने जोडलेलं वर्तुळ होती, बाहेरून आलेली. तिच्या मुलीचं निदान झालं होतं, औषध सुरू झालं होतं, तिचं काम संपलं होतं. पुढचं सगळं आमच्या रक्ताचं होतं आणि त्या रक्ताने तिला कोर्टाची भीती घातलेली होती.

ती वाद घालत नसे. पोलिओच्या डोसाला जशी जायची तशीच जायची. घरात शब्द कुणाचा चालतो ते आधी पाहायचं, बाप्ये रानात गेले की स्वयंपाकाच्या वेळी आजीला गाठायचं, चहा घ्यायचा, निघताना तारीख सांगायची. अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरमध्ये तिने रकाने आखले होते : नाव, नातं, वय, ईसीजी, पट्टा, निकाल, गोळी. "मुलीचं लग्न व्हायचंय, आत्ता नको" हे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं उत्तर. त्यावर तिच्याकडे एकच उपाय होता, तोंड बंद ठेवण्याचा. एका घरचा निकाल दुसऱ्या घरी कधी गेला नाही. रजिस्टर उघडलं की तळहात निकालाच्या रकान्यावर. आमच्या भावकीत गुपित दोन दिवस टिकत नाही, तिथे तिने ते टिकवलं.

एकदाच ती हट्टाला पेटली. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात, आणि अशी एक सोयरीक जुळत आली होती. दोन्ही बाजूंना हा दोष असू शकत होता. आई-बाप दोघांकडून तो आला तर मूल बहिरं जन्मू शकतं आणि आजार फार जहाल होतो. नॉर्वेच्या त्या घरात तेच झालेलं. वहिनी दोन्ही घरी जाऊन एवढंच म्हणाली, आधी दोघांना चालवा, मग पत्रिका बघा. दोघांचे निकाल काय आले ते मला माहीत नाही. लग्न झालं एवढं माहीत आहे.

आप्पांची तपासणी मी पाहिली. पंचाहत्तरी गाठलेले आप्पा धोतर सोडायला तयार नाहीत. शेवटी पायजमा घातला आणि वर टोपी. छातीवर दहा चकत्या, दहा वायरी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, शेजारी डॉक्टर आणि शॉक देण्याचं यंत्र. आधी आडवं निजवून पट्टी काढली, मग झटक्यात उभं केलं आणि लगेच पुन्हा काढली. उठल्याबरोबर ठोके वाढतात तेव्हाही क्यू-टी लांबतो का ते बघायला. मग पट्टा सुरू झाला. या चालण्याचा क्रम सिएटलच्या ब्रूस नावाच्या डॉक्टरांनी बांधून दिलेला. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर, चढ दहा टक्के. मग ताशी चार, चढ बारा. मग साडेपाच आणि चौदा. आप्पा म्हणाले, "आपल्या डोंगराला एवढा चढ नाय." थोड्या वेळाने विचारलं, "आन हे नेतंय कुठं?" टेक्निशियन हसला. तिसऱ्या टप्प्याच्या तोंडाशी पट्टा थांबवला.

ब्लॉकेजची तपासणी असती तर काम बरंचसं इथेच संपलं असतं. या आजारात खरी मोजणी थांबल्यावर होते. ठोके खाली येऊ लागतात, अ‍ॅड्रेनॅलिन अजून अंगात असतं, आणि त्या उतारावर क्यू-टी ताणलेला दिसतो. श्वार्ट्झ यांच्या गुणांकनात व्यायामानंतरच्या चौथ्या मिनिटाला दुरुस्त केलेला क्यू-टी ४८० मिलिसेकंद किंवा जास्त असला तर त्याचा गुण धरतात. त्या दुपारी बाहेर रांग होती, टेक्निशियनचा डबा टेबलावर न उघडता पडला होता, आणि तो पोरगा आप्पांना खुर्चीत बसवून दर मिनिटाला पट्टी काढत होता. पाच मिनिटं झाली, सात झाली. "आजोबा, हात हलवू नका, अजून थोडं." दहा मिनिटं पूर्ण करूनच त्याने वायरी काढल्या. त्याचं नाव मी विचारलं नाही, पण माझ्या देण्याच्या यादीत तो आहे.

आप्पांचा क्यू-टी लांबला होता. उभा जन्म नांगर धरलेल्या, पाच-पाच मण पोती उचललेल्या माणसाला काही झालं नव्हतं आणि त्यांच्या भावाला, मुलाला झालं होतं. हे असंच असतं, एकाच दोषाचे सगळे सारखे बळी नसतात, असं डॉक्टरांनी समजावलं आणि हेही की यात कुणाची चूक नाही. आप्पा बराच वेळ टोपी हातात धरून बसले. मग म्हणाले, "म्हंजी आसरांनी नाय नेला." गाडीत बसल्यावर परत तेच. नैवेद्य अजून जातो; आई म्हणते, त्यांच्यावर इतकी वर्षं आळ घेतला, त्याचं काहीतरी करायला नको?

माझ्यात तो दोष आहे, माझ्या थोरल्या मुलीत आहे, धाकट्या मुलात नाही. आधी पट्ट्यावर दिसलं, मग रक्ताच्या तपासणीत पक्कं झालं. भाचीच्या रक्तात नेमका दोष सापडलेला होता, म्हणून आमच्यात तेवढाच शोधायचा होता. आम्ही मायलेकी प्रोप्रानोलॉल घेतो. गोळी जुनी, स्वस्त, कुठेही मिळणारी, आणि एकही वेळ चुकवायची नाही अशी. पोरगी एकटी पाण्यात उतरत नाही. फ्रिजवर टाळायच्या औषधांची यादी आहे : खोकल्या-तापाला सर्रास देतात ते अ‍ॅझिथ्रोमायसिन, उलटीचं ओन्डानसेट्रॉन, डॉम्पेरिडोन, आणखी बरीच. ही यादी मात्र वहिनीने लॅमिनेट करून घरोघर वाटली. मेडिकलवाल्याला ती दाखवली की तो आधी हसतो, मग वाचतो.

मी एकदा वहिनीला म्हटलं की तो रस्त्याकडेचा तुकडा मुलीच्या नावे पक्का करून घे, जी सही लागेल ती मी देईन, कोर्टात उभी राहायला लागलं तरी राहीन. हे मी तिच्या उपकारातून उतराई व्हायला म्हणत होते, हे तिला कळलं असावं. म्हणाली, "वन्सं, ते वकील बघतोय. तुमच्याकडं गाडी आहे ना? ती पाहिजे."

गाडी तिला हवी होती ती त्या बोलणं टाकलेल्या दोन घरांतल्या दुसऱ्यासाठी. पहिलं घर आलं, आजीच सगळ्यांना घेऊन आली. दुसऱ्या घरातला एकोणीस वर्षांचा पोरगा तालमीत आहे. मुळशीतल्या बापाला पैलवान पोराच्या छातीबद्दल शंका काढलेली चालत नाही. "रोज हजार जोर मारतो, त्याला काय व्हतंय?" असं तो आम्हाला दारातूनच सांगतो. पोराने मात्र वहिनीकडून कागद घेतला, घरी न सांगता. घरासमोरून तिच्यासोबत गेला तर बोभाटा होईल, म्हणून मी त्याला हिंजवडी चौकात उचलायचं ठरलं आहे. मंगळवारी साडेदहाची वेळ मिळाली. वहिनीने मला सूचना लिहून पाठवल्या आहेत : दोन-तीन तास आधी पोट भरून खायचं नाही, सकाळचा चहा नको, चपला नकोत, बूट घालायला सांगा, आणि यंत्र थांबल्यावर दहा मिनिटं पट्टी चालू ठेवायला टेक्निशियनला आठवण करा, नवीन माणूस असेल तर तो लवकर काढतो.